जर्मनीत नर्स म्हणून जाताय? मग व्हिसानंतरचं हे सगळं आधी वाचा

"ताई, बी वन झालंय, आता किती दिवसात पगार सुरू होईल?" असा मेसेज मला आठवड्यातून दोनदा तरी येतो (ए वन, बी वन, बी टू या जर्मन भाषेच्या चढत्या पातळ्या). २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन व्युर्टेंबर्ग राज्याचा करार झाला, पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल माणसं पाठवायची असं ठरलं, तेव्हापासून तर जास्तच. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टपासून तासाभरावर एका हॉस्पिटलात नर्स आहे, २०१९ ला आले. लातूरला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पुण्यात चार वर्ष आयसीयू. व्हिसा कसा काढायचा यावर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण आल्यावर तिथल्या कामात माणूस मुरतो कसा यावर कोणी धड बोलत नाही, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतेय. इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, आयटीवाले यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण मला नर्सिंगचं पक्कं माहिती आहे म्हणून उदाहरणं तिथलीच.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. पहिलं दीड दोन वर्ष तुम्ही इथे तुमच्या आत्ताच्या पायरीपेक्षा खाली असणार. पगारात, मानात, बोलण्यात, सगळ्यात. ते धरून प्लॅन केलात तर निभतं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात आईला फोन करून रडणं आहेच (मी केलंय, लाज नाही).

पायरी १: एजंटच्या आधी कागद

जर्मनीत नर्सिंग हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे, म्हणजे तुमची भारतातली पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे असं सरकारने लिहून दिल्याशिवाय तुम्ही नर्स नाही, मदतनीस आहात. या मान्यतेला आनएरकेनुंग म्हणतात आणि हा शब्द पुढची दोन वर्ष तुमच्या स्वप्नात येणार. आयटीवाल्यांना हे लागत नाही, त्यांचं बरंचसं पगार आणि पदवीवर भागतं. कारखान्यातल्या आणि व्यापारातल्या ट्रेडवाल्यांचे अर्ज न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसा या ऑफिसकडे जातात. नर्सचे अर्ज मात्र प्रत्येक राज्याचं वेगळं ऑफिस बघतं, आमच्या राज्यात ते स्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझिडियुम.

हे ऑफिस तुमच्या मार्कांपेक्षा तास बघतं. कुठल्या विषयाचे किती तास थिअरी, किती तास प्रॅक्टिकल, कुठल्या वॉर्डात किती आठवडे. तर कॉलेजकडून तासवार ट्रान्सक्रिप्ट घ्या, आणि हे घरी असतानाच घ्या. आपल्याकडच्या कॉलेजच्या क्लार्कला "तास लिहून द्या" म्हटलं की तो असा बघतो जसं काही त्याची किडनी मागितली, मला तीन चकरा आणि प्रिन्सिपल मॅडमची ओळख लागली. इथून फोनवर ते काम होत नाही. त्याच्या जोडीला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि अनुभवाची पत्रं. अनुभवाच्या पत्रात नुसतं "शी वर्क्ड सिन्सिअरली" असेल तर ते फ्रेम करून भिंतीला लावा, इथे उपयोग नाही. कुठला वॉर्ड, किती बेड, काय काय काम करायचात, आठवड्याला किती तास, हे सगळं पाहिजे, कारण अभ्यासक्रमात कमी पडलेला भाग अनुभवाने भरून धरतात.

आणि नाव! आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, आधारवर तिसरंच काहीतरी. जर्मन ऑफिसला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेट जे काय असेल ते जोडा आणि सगळ्याचं भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. ऑफिसच्या यादीत जे मागितलंय तेवढंच करा, "ताई हा शिक्का पण मारून घ्या, लागतो" असं कोणी म्हटलं तर आधी यादीत दाखव म्हणा.

एजंटबद्दल थोडक्यात. भारतात परदेशी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. जर्मनीच्या बाजूने नर्स भरतीसाठी सरकारी 'फेअर रिक्रूटमेंट' शिक्का आहे, तो असलेल्या कंपन्या नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, खर्च मालकाचा. माझ्या गावच्या एका मुलीकडून एका एजंटने साडेचार लाख घेतले आणि करारात कलम घातलं की तीन वर्षाच्या आत नोकरी सोडली तर अजून पैसे भरायचे. करारात परतफेडीचं कलम असेल तर सही करायच्या आधी आकडा आणि मुदत जर्मन समजणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. इथे आल्यावर 'फेअर इंटिग्रेशन' नावाचं फुकट सल्ला केंद्र आहे, युरोपबाहेरून आलेल्या कामगारांसाठीच, तिथे असले करार घेऊन जाता येतं.

पायरी २: भाषा, पण परीक्षेची नाही, वॉर्डची

नर्स म्हणून परवाना हातात पडायला बी टू लागतं. पुण्यात, मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, क्लासेस बाकी गल्लोगल्ली झालेत. परीक्षा पास व्हाल हो, पण परीक्षेत पर्यावरणावर निबंध लिहायला सांगतात आणि वॉर्डात ८७ वर्षाच्या आजी दात न लावता बोलतात.

आमच्या भागात श्वेबिश बोली आहे. माझा दुसरा आठवडा, आजोबा म्हणाले फूस दुखतोय. फूस म्हणजे पाऊल, आम्हाला ए वन लाच शिकवलेलं. मी पाऊल बघितलं, बोटं बघितली, टाच दाबली, नोंद केली पावलाला वेदना. आजोबा वैतागले. सिनियर सिस्टर आली आणि सरळ मांडीवरचं पांघरुण काढलं, खुब्याशी सूज. श्वेबिशमध्ये फूस म्हणजे कमरेपासून खाली अख्खा पाय! म्हणजे आपल्या मराठीसारखंच की, आपणही पाय दुखतो म्हणतो तेव्हा कुठला भाग ते विचारावंच लागतं. पण मी जर्मन शिकून आले होते ना, म्हणून विचारलं नाही. तसंच 'हेबेन' म्हणजे पुस्तकात उचलणे, इथे धरून ठेवणे. पेशंट म्हणतो हेब, तुम्ही उचलायला जाता, त्याला फक्त आधार हवा असतो.

वेळ सांगण्यात पण गंमत आहे. हाल्ब आख्ट म्हणजे शब्दशः अर्धा आठ, पण वाजलेले असतात साडेसात. इंग्रजी डोक्यात ठेवून ऐकलंत तर साडेआठ समजता आणि औषध तासभर उशिरा जातं. आमच्याकडे फिअर्टेल आख्ट म्हणजे सव्वासात आणि ड्रायफिअर्टेल आख्ट म्हणजे पावणेआठ. हे मराठी माणसाला खरंतर सोपं आहे, साडे पावणे आपल्या रक्तात आहे, फक्त मधे इंग्रजी आणू नका.

आणि हे तर लाल पेनाने लिहून ठेवा: इथे दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं. ०,५ मिली म्हणजे अर्धा मिली, आणि १.००० म्हणजे एक हजार. हाताने लिहिलेला १ हा आपल्याला ७ वाटतो कारण त्याला वर लांब शेपटी असते, खऱ्या ७ ला मधे आडवी रेघ मारतात. पहिल्या महिन्यात प्रत्येक हाताने लिहिलेला डोस मी दुसऱ्या सिस्टरला दाखवून घेत होते, एक दोघी हसल्या, हसू देत.

तयारी कशी करायची तर इथे शिफ्ट बदलताना जो हँडओव्हर असतो त्याला युबरगाबे म्हणतात, घरी आरशासमोर रोज एका काल्पनिक पेशंटचा युबरगाबे द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. लघवी, शौच, चक्कर, मळमळ, खाज, झोप, पडणे यांचे बोलीभाषेतले शब्द आधी. पर्यावरण नंतर.

पायरी ३: पहिले पंधरा दिवस

हे पटकन सांगते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग, त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, भाडेकरार चालत नाही. मग टॅक्सचा आयडी पोस्टाने घरी येतो. पोस्टाने! आणि लेटरबॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, फ्लॅट नंबर वगैरे प्रकार इथे नसतो. माझं पहिलं पत्र असंच परत गेलं आणि टॅक्स आयडी नाही म्हणून पहिल्या पगारातून सर्वात जास्त टॅक्सवाला सहावा वर्ग लावून कापलं. नंतर पैसे परत आले, पण त्या महिन्यात खिचडीवर काढलं. तर पहिल्या दिवशी चिकटपट्टीने का होईना नाव चिकटवा.

आरोग्य विमा कंपनी मालकाला विचारून ठरवा, बँक खातं उघडा, गोवरच्या लसीचा दाखला घरूनच आणा, कारण २०२० पासून हॉस्पिटलात काम करायला तो सक्तीचा आहे. टीव्ही असो नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही वर्गणी येते, ती फसवणूक नाही, भरा.

पायरी ४: पगाराची स्लिप समजून घ्या

एजंट जो आकडा सांगतो तो ब्रुटो, म्हणजे कापण्याआधीचा. हातात येतो तो नेटो. मी मदतनीस म्हणून लागले तेव्हा ब्रुटो अडीच हजार युरो होता, हातात साधारण सोळाशे नव्वद. त्यात हॉस्टेलची खोली ३८०, फोन, तिकीट, किराणा, आणि घरी पाठवायचे वेगळे. म्हणून म्हणते, लातूरात प्लॉट बुक करायची घाई पहिल्या वर्षी नको. जे कापलं जातं त्यात पेन्शन, आरोग्य, बेकारी विमा आहे. पेन्शनचं एकूण १८.६ टक्के असतं, अर्धे तुमचे अर्धे मालकाचे, त्यामुळे ते पैसे वाया गेले असं समजू नका.

दरवर्षी टॅक्सचा हिशोब स्वतःहून भरा, मागच्या चार वर्षांचाही भरता येतो. भाषेचा कोर्स, मान्यतेची फी, भाषांतराचा खर्च, या कामासाठी केलेल्या खर्चाच्या पावत्या तिथे उपयोगी पडतात, फेकू नका. माझ्या पावत्या निम्म्या पुण्यात राहिल्या.

पायरी ५: मान्यता पूर्ण करणं

कागद तपासून ऑफिस एक पत्र पाठवतं, डेफिझिटबेशाइड, त्यात तुमच्या शिक्षणात काय कमी पडतंय ते लिहिलेलं असतं. भारतातल्या जवळजवळ सगळ्यांना काहीतरी कमी निघतंच, त्यात अपमान वाटून घेऊ नका. मग दोन रस्ते असतात. एक म्हणजे ठरावीक महिने वॉर्डात काम आणि वर्ग आणि शेवटी एक चर्चा. दुसरा परीक्षेचा, केन्टनिसप्र्युफुंग, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर, नापास झालं तर एकदाच परत देता येते. परीक्षेचा रस्ता वेळेने लहान असू शकतो आणि आपल्याकडच्या मुलींना परीक्षेची सवय असते म्हणून सगळ्या तोच धरतात, पण माझं मत उलटं आहे. भाषा बी टू च्या काठावर असेल तर पहिला रस्ता घ्या, त्या महिन्यांत जे ऐकून ऐकून शिकतो ते कुठल्या पुस्तकात नाही. मालकाला घाई असते, तो परीक्षेकडे ढकलेल, तरी निवडायचा हक्क तुमचा आहे.

आयसीयूत चार वर्ष काढलेल्या मला इथे पहिले सहा महिने पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, बेडपॅन. आपल्याकडे ही कामं नातेवाईक, मावशी, वॉर्डबॉय करतात, सिस्टर इंजेक्शन आणि सलाईन बघते. इथे पेशंटचं अंग पुसणं हाच नर्सिंगचा गाभा समजतात आणि शिरेत सुई घालायचं काम बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टर करतात. मी पुण्यात डोळे मिटून व्हेन काढायचे आणि इथे नवशिका डॉक्टर तिसऱ्यांदा टोचतोय आणि मी ट्रे धरून उभी. फार राग यायचा. मग एक दिवस एका काकूंना पुसताना पाठीला खालच्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला, दाबला तरी पांढरा होईना, म्हणजे बेडसोरची सुरुवात. आयसीयूत पण बघितलेत मी बेडसोर, पण ते मोठे झालेले, ड्रेसिंगच्या वेळी. इतक्या लवकर पहिल्यांदा सापडला, तो पुसायचं काम माझ्याकडे होतं म्हणून. त्यानंतर राग निम्म्यावर आला. निम्म्यावरच, सगळा नाही गेला.

पायरी ६: ब्रेकरूम

माझ्या मते खरी नोकरी इथे मिळते. काम सगळ्यांना येतं हो, पण टीममध्ये घेतात की नाही ते कॉफीच्या टेबलावर ठरतं. आपण भारतीय मुली काय करतो, ब्रेकमध्ये कोपऱ्यात बसून डबा खातो आणि घरी व्हिडिओ कॉल लावतो. मीही तेच केलं आणि माझ्यामागे "ती बोलत नाही, गर्विष्ठ आहे" असं झालं, मला वाटत होतं त्याच गर्विष्ठ. चार महिन्यांनी एका पोलिश सिस्टरने, ती पण बाहेरूनच आलेली, मला सांगितलं की केक आण. इथे वाढदिवस ज्याचा तोच केक आणतो, दुसरे देत नाहीत. वाढदिवस लांब होता म्हणून मी रव्याचे लाडू नेले. दीड तासात डबा रिकामा, आणि तीन जणींनी रेसिपी विचारली, आणि रेसिपी सांगताना मला वेलदोड्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते येईना, सगळ्या मिळून वास घेऊन शोधत बसलो. त्या दहा मिनिटांत जेवढं बोलले तेवढं आधीच्या चार महिन्यांत नव्हते.

काही बारीक गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. सहकारी एकमेकांना 'डू' म्हणजे अरे-तुरे करतात, वयाने मोठी असली तरी, ताई मॅडम लावायचं नाही. पेशंटला मात्र 'झी', म्हणजे अहो-जाहो, कायम. "हो" म्हणायचं तर समजलं असेल तरच, मान डोलावणं बंद करा, आपली ती आडवी उभी मान त्यांना अजिबात कळत नाही. समजलं नाही तर तीनदा विचारा, विचारणारी माणूस इथे भरवशाची मानतात, न विचारता करणारी धोक्याची. चूक झाली तर स्वतः सांगा, लगेच. कोणी तोंडावर "हे चुकीचं केलंस" म्हणालं तर ते फक्त त्या कामाबद्दल असतं, पाच मिनिटांनी तीच बाई तुम्हाला कॉफी विचारते. आपल्याला दोन रात्री झोप येत नाही.

आजारी असाल तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फोन करून सांगायचं आणि घरी राहायचं. मी ताप अंगावर काढून ड्युटीला गेले, वाटलं कौतुक होईल, इन्चार्जने सगळ्यांसमोर घरी पाठवलं की पेशंटना लावतेस का. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, हा कायदा आहे, उपकार नाही. डॉक्टरची चिठ्ठी कितव्या दिवशी लागते ते करारात बघा, काही ठिकाणी पहिल्याच दिवशी मागतात. जादा काम केलं तर तास नोंदवा. नवीन आहे म्हणून प्रत्येक वेळी "मी थांबते" म्हणाल तर सगळ्या सुट्ट्यांच्या ड्युट्या तुमच्याच गळ्यात. सुरुवातीचे सहा महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशनचा काळ असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटीसवर दोन्ही बाजू करार मोडू शकतात, म्हणून घाबरून सगळे हो म्हणत राहतात. मी पण. तरी सांगते, नर्सची इतकी टंचाई आहे की नीट काम करणारीला उगाच काढत नाहीत.

घराकडचंही असंच. आमच्या बिल्डिंगमध्ये केअरवोखे आहे, म्हणजे एकेका आठवड्याला एकेका घराने जिना झाडून पुसायचा, दारावर पाटी लटकते. माझी पाटी लटकली तेव्हा मी ती जाहिरात समजून आत नेऊन ठेवली. शेजारच्या आजी अजून ऐकवतात.

पायरी ७: पुढचं

मान्यतेचं सर्टिफिकेट, उरकुंडे, हातात आलं की त्याच दिवशी दोन ठिकाणी द्या, एचआरला पगार बदलायला आणि परदेशी नागरिक कार्यालयाला राहण्याचा परवाना बदलायला. पगार आपोआप वाढेल म्हणून वाट बघू नका, माझा दीड महिना गेला. कुशल कामगार म्हणून परवाना मिळाल्यापासून तीन वर्ष, पेन्शनचे पैसे कापलेले ३६ महिने, आणि बी वन भाषा एवढं जमलं की कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज करता येतो. मान्यता मिळण्याआधीचा काळ त्या तीन वर्षात धरत नाहीत, म्हणून मान्यता लांबवली की हेही लांबतं. नागरिकत्वासाठी २०२४ च्या कायद्याने ५ वर्ष केलीत, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिथे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, हा निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्या.

नोकरी बदलताना आधीच्या मालकाकडून कामाचं प्रशस्तिपत्र मागा, तो तुमचा हक्क आहे, पण त्याची भाषा सांकेतिक असते. "आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे" हे वाचून मी खूश झाले होते, त्याचा अर्थ निघाला ठीकठाक. "सदैव आणि परिपूर्ण समाधानाप्रमाणे" असलं तर उत्तम. जर्मन मैत्रिणीला दाखवल्याशिवाय ते पत्र स्वीकारू नका, बदलून मागता येतं, मी मागितलं आणि एक शब्द बदलून मिळाला.

आणि भारतीय लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा नव्याने. आमचं हॉस्पिटल गावाबाहेर आहे, सकाळची ड्युटी सहाला आणि रविवारी पहिली बस सहा चाळीसला, तर नोकरीच्या करारावर सही करायच्या आधी मॅपवर बसचं टाइमटेबल नक्की बघा. मी सायकलने जाते, जानेवारीत पण.